काचेतला पैलवान

हिंदुराव निकम यांची सारी हयात कुस्तीच्या मैदानांत निवेदन करण्यात गेली, पण एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. स्वतःच्या डोळ्यांनी न बघितलेल्या कुस्तीचा निकाल ते माईकवरून सांगत नसत. एकदा माणदेशातल्या एका जत्रेत वावटळ उठली, हिंदुरावांच्या डोळ्यांत माती गेली आणि नेमकी त्याच क्षणी खाली घिस्सा डाव लागून कुस्ती निकाली झाली. पंचांनी हात वर केला, हलगी कडाडली, यात्रा कमिटीचे अध्यक्ष "निवेदक, जाहीर करा की!" म्हणून ओरडायला लागले, आणि हे माईक धरून, डोळे चोळत गप्प. शेवटी ड्रोनवाल्याला व्यासपीठावर बोलावलं, त्याच्या पडद्यावर कुस्ती पुन्हा बघितली, तेव्हा कुठे यांच्या तोंडून विजेत्याचं नाव निघालं. लोक हसले. पण तेव्हापासून निकम निवेदकांनी सांगितलेल्या निकालावर कोणी वाद घातला नाही.

म्हणूनच कोल्हापूरच्या इस्पितळात डॉ. केतकी शिरगुप्पे जेव्हा म्हणाल्या, "काका, तुमच्या जुळ्याला किरण सोसले नाहीत," तेव्हा हिंदुरावांनी बसक्या आवाजात पहिला प्रश्न विचारला तो हाच.

"तुम्ही स्वतः बघितलं?"

"अहवाल बघितला. लाल आलाय. फोटो यंत्र काढतं, मोजमापही यंत्रच करतं."

"म्हणजे न्हाई बघितलं."

शेजारी बसलेल्या शालननं नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या हाताचा अर्थ हिंदुरावांना सांगावा लागत नव्हता. त्यांनी पुढचा प्रश्न गिळला.

यंदा दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला तेव्हाच आवाज बसला होता. निवेदकाचा आवाज बसणं आणि पैलवानाचा कान मोडणं यात नवल ते काय, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. ज्येष्ठमध झाला, हळद-दूध झालं, आल्याचे तुकडे झाले. होळीपर्यंत आवाज उठला नाही, तेव्हा घशात दुर्बीण घातली गेली आणि स्वरयंत्रात कॅन्सरची गाठ दिसली. ती इतकी पसरली होती की थोडंसं कापून भागण्यासारखं नव्हतं. दोनच वाटा होत्या. एक, किरणोपचार, त्यात गाठ जाते आणि आवाज बहुधा राहतो. दुसरी, स्वरयंत्र पुरतं काढून टाकायचं.

दुसरा कोणी असता तर डॉक्टरांनी डोळे झाकून किरण सांगितले असते. पण हिंदुरावांना आमवात होता. म्हातारपणी झिजून गुडघे दुखतात तो नव्हे. यात शरीराची संरक्षक फौज शत्रू सोडून आपल्याच सांध्यांवर उठते. हिंदुरावांची बोटं तिनं केव्हाच वाकडी केली होती. माईक ते दोन्ही तळव्यांत, ओंजळीत धरल्यासारखा धरत. नवख्या लोकांना ती त्यांची ढब वाटे.

किरण गाठीला मारतात तेव्हा आसपासच्या चांगल्या पेशीही होरपळतात. त्या जागी शरीर ठिगळ लावतं, चिवट धाग्यांचं. ज्याची फौज आधीच चवताळलेली आहे, त्याच्याकडे हे ठिगळ लावण्याचं काम थांबतच नाही, अशी डॉक्टरांना जुनी धास्ती होती. मग मान लाकडासारखी होते, घास उतरत नाही, स्वरतंतू ताठतात. मागच्या पिढीत या धास्तीपायी आमवाताच्या रुग्णांना पुष्कळदा किरण नाकारले जात. पुढे रुग्णांच्या नोंदी नीट तपासल्यावर दिसलं, की आमवाताच्या बहुतेकांना इतरांइतकाच त्रास होतो, थोड्यांना मात्र फार. ते थोडे कोण, हे आधी ओळखता येत नव्हतं. त्यासाठी जुळा आला.

जुळा म्हणजे काडेपेटीएवढी काचेची पट्टी. रुग्णाच्या घशाच्या अस्तराचा तांदळाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी पट्टीतल्या केसासारख्या बारीक नळ्यांभोवती वाढवायच्या आणि त्यांच्यात त्याच माणसाच्या संरक्षक पेशी सोडायच्या. खाणं म्हणून त्यांना बाजारचं द्रावण न देता त्याच माणसाच्या रक्तातलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम द्यायचं. कारण आमवाताची निम्मी खोडी त्या पाण्यात असते. दोन आठवड्यांत त्या माणसाच्या गळ्याची चिमुकली नक्कल तयार होई. मग तिला खरेखुरे किरण द्यायचे आणि पेशींचा काळ रसायनांनी पळवायचा. पाच वर्षांनी दिसणारी इजा आणखी दोन आठवड्यांत दिसे. हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे नको. हे तंत्र येऊन चारच वर्षं झाली होती, पण गावोगाव लोक पत्रिकेची चौकशी करावी तसं "जुळा काय म्हणतोय?" विचारायला लागले होते.

हिंदुरावांचा जुळा लाल होता. म्हणजे ऑपरेशन.

*

"बोलता येईल, काका," डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. "गळ्याला जे भोक राहील त्यावर अंगठा दाबायचा, मग हवा आतल्या झडपेतून जाते आणि आवाज निघतो. सराव लागतो." त्यांनी रबरी गळ्याचा नमुना पुढे केला. हिंदुरावांचा अंगठा मधोमध मोडल्यासारखा बाहेर वळलेला. त्यांनी तीनदा प्रयत्न केला, तीनदा तो घसरला.

"मी दाबीन की," शालन म्हणाली. "तुम्ही बोला, मी अंगठा लावते."

हिंदुराव हसले. "म्हंजे मी कधी बोलायचं अन् कधी गप बसायचं, ते तूच ठरवणार."

"आत्ता काय येगळं हाय?"

घरी आल्यावर त्यांची मुलगी शर्वरी चाकणहून आली. ती गाड्यांचे सुटे भाग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत इंजिनिअर होती. स्प्रिंगा, दांडे, कड्या यंत्रात घालून मोडेपर्यंत हलवायच्या, हे तिचं काम. तिनं बापाच्या जुन्या ध्वनिफिती फोनला ऐकवून त्यात त्यांचा आवाज तयार करून आणला होता. मजकूर लिहायचा, फोन तो हिंदुरावांच्या खणखणीत आवाजात बोलून दाखवणार.

"करून तरी बघा, आबा."

तिनं दूरदर्शनवर एक कुस्ती लावली. हिंदुराव वाकड्या बोटानं एकेक अक्षर शोधत टाइप करायला लागले. फोननं ललकारी दिली, "आणि हा लागला घुटना!" तोवर पडद्यावरचा विजयी पैलवान हार घालून मैदानाला फेरी मारत होता.

"जरा उशीर झाला," हिंदुराव म्हणाले. "आता हे उद्या सकाळच्या पेपरात छापा."

शर्वरीला हसू आलं नाही. तिचे डोळे भरले. "चेष्टा करू नका आबा. माझ्याकडं टेस्टमध्ये तुटलेला पार्ट गाडीत जात नाही. कुणाच्याही. मग माझ्याच बापाला कशी जाऊ देऊ मी त्या मशिनखाली? लाल म्हणजे लाल."

पोरगी घाबरली होती, शालन तिच्याहून जास्त घाबरली होती, आणि खरं तर तेही घाबरले होते. त्यांनी ऑपरेशनला मान हलवली. तारीख पुढच्या आठवड्यातली ठरली.

त्या दिवसापासून घरात एक चमत्कारिक शांतता आली. हिंदुराव आवाज जपून वापरू लागले, मुठीत उरलेले शेंगदाणे एकेक करून खावेत तसे शब्द. मीठ हवं असलं तर बोटानं दाखवत. शालन मात्र दुप्पट बोलायला लागली. कुकरशी, मांजराशी, दारावरच्या बेलशी. चार दिवसांनी सकाळी चहा पिताना हिंदुराव एकदम म्हणाले, "सही करतो. पण त्या आधी ती कुस्ती मला बघायची हाय."

"कुठली कुस्ती?"

"माझ्या जुळ्याची. कुणी बघितली न्हाई ती अजून. तसा निकाल मी मानत न्हाई."

*

इलाही वस्ताद बरोबर निघाला, कारण त्याला टाळणं शक्य नव्हतं. गावातल्या तालमीचा वस्ताद आणि हिंदुरावांचा शाळेपासूनचा मित्र. प्रत्येक मैदानाला दोघं एकाच गाडीतून जायचे. शर्वरीनं गाडी चालवली. वस्ताद वाटभर ऑपरेशन झालेल्या लोकांच्या गोष्टी सांगत राहिला आणि शालननं त्याला दोनदा गप्प केलं.

डॉ. शिरगुप्पे यांना या मागणीचं आश्चर्य वाटलं असावं, पण राग आला नाही. उलट, तरुण चेहऱ्यावर कुतूहल दिसलं. त्यांनी सगळ्यांना प्रयोगशाळेत नेलं. उबदार पेटीमागे भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर त्यांनी जुळ्याचं चित्रण लावलं. गुलाबी शेतात बांध घातल्यासारख्या पेशींच्या रांगा, मधून वाहणारे बारीक पाट.

हिंदुराव पडद्याजवळ गेले. दोन्ही हात सवयीनं ओंजळीसारखे जुळले, फक्त माईक नव्हता.

"आमच्यात पैलवानाची ओळख सांगितल्याबिगर कुस्ती लावत न्हाईत, डॉक्टर. मी विचारतो, तुम्ही सांगा. गाव?"

डॉक्टरांना क्षणभर कळलं नाही. मग त्या हसल्या. "तुमच्या घशाचं अस्तर. डावी बाजू."

"तालीम?"

"ही पेटी. आत अंगाइतकी ऊब असते."

"वस्ताद?"

"मीच म्हणायची."

"खुराक?"

"तुमचं सीरम. एकदाच काढून गोठवलेलं, तेच रोज थोडं थोडं."

"आणि हा खुराक काढला कधी?"

"तुम्ही तुकडा द्यायला आलात ना, त्या सोमवारी. मुद्दामच सोमवार दिला होता. तुमची आमवाताची आठवड्याची गोळी गुरुवारी असते. सोमवारपर्यंत ती रक्तातून निघून जाते."

"सोमवारी?" मागून इलाही वस्ताद म्हणाला. "आवं, आदल्या दिवशी तर बिरोबाच्या माळाचं मैदान हुतं."

"मग?"

"मग काय? गोळी खाल्ली की ह्याला मळमळतं, दोन दिस आवाज निघत न्हाई. म्हणून मैदान असलं की हा गोळी पुढं ढकलतो. त्या रविवारी मैदान उरकलं, अन् येताना गाडीत मागली राहिल्याली अन् चालू आठवड्याची, दोन्ही एकदम गिळली. मीच पाणी दिलं की बाटलीतनं."

हिंदुराव पडद्याकडेच बघत राहिले. हंगामात असंच करावं लागतं, एवढंच ते म्हणणार होते. आवाज हाच त्यांचा अंगचा जोर. मैदानाच्या तोंडावर तो घालवणारं औषध कोण घेईल? आणि डॉक्टरांनी विचारलं होतं, औषधं सगळी घेता ना? ती तर ते घेतच होते.

डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. "दोन आठवड्यांची एकदम? काका, मेथोट्रेक्सेट आहे ते! जीवावर बेतलं असतं." मग त्यांनी स्वतःला सावरून विचारलं, "आणि दुसऱ्या दिवशीची छोटी पिवळी गोळी? ती तरी घेत होता ना?"

हिंदुरावांनी इलाहीकडे बघितलं. इलाहीनं छताकडे बघितलं.

"ती ताकदीची व्हय?" वस्ताद शेवटी म्हणाला. "ती मी खातो."

"तुम्ही?"

"हा म्हणला, व्हिटॅमिन हाय, मला आता कुठं कुस्त्या धरायच्यात, तू पोरांना खेळवतोस, तूच खा. लई दिस झालं, दुधासंगं घेतोय. गुण चांगला हाय."

"वस्ताद!" शालन एवढ्या मोठ्यानं ओरडली की पलीकडच्या खोलीतून एक मुलगी डोकावून गेली. "माझ्या नवऱ्याचं औषध दुधासंगं पिताय तुम्ही?"

"वैनी, मला काय ठावं! पिवळी धमक गोळी, ताकदीचीच दिसती ती."

डॉक्टर एव्हाना पडद्यापाशी पोचल्या होत्या. त्यांनी एक भाग मोठा केला, मग आणखी मोठा केला. त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायला लागल्या.

"आमवातामुळे त्रास झाला असता, तर इथे धाग्यांचं रान माजायला हवं होतं. पण धागे नाहीतच. इथे पेशी नुसत्या मेल्यात. दुरुस्ती सुरूच झालेली नाही." त्या मागे वळल्या. "ऐका. पेशीच्या आत तिच्या सगळ्या कामाचा आराखडा असतो, डीएनए, लांबच लांब साखळीसारखा. किरण ती साखळी तोडतात. ती सांधायला आणि नवी घडवायला फोलिक ॲसिड लागतं. तुमची आठवड्याची गोळी नेमकं तेच अडवते. त्यामुळे चवताळलेली फौज आवरते, पण चांगल्या पेशींचीही उपासमार होते. ती होऊ नये म्हणून पिवळी गोळी, तीच फोलिक ॲसिडची. या जुळ्याच्या पाण्यात आठवड्याची गोळी दुप्पट होती आणि पिवळी अजिबात नव्हती. वर मी त्याला किरण दिले."

"म्हंजे उपाशी पैलवान," हिंदुराव हळूच म्हणाले, "हात बांधून मैदानात सोडला."

"तसंच काहीसं."

शर्वरी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. "नमुनाच चुकला असेल तर टेस्ट बाद," ती म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच धार होती. "आमच्याकडं असं झालं तर अहवाल फाडून टाकतात. पुन्हा घ्या, मॅडम."

"बाद म्हणजे हिरवा नव्हे, हे लक्षात ठेवा. दुसरा जुळाही लाल निघू शकतो. शिवाय आठवड्याची गोळी बंद करावी लागेल. अंगातलं औषध उतरेपर्यंत थांबून मगच सीरम घेईन, तोवर नवा तुकडा बाजारच्या द्रावणावर वाढवायला लावते. यात महिना जाईल. सांधे पेटतील, काका. फार दुखेल."

"आन् गाठ?" शालन म्हणाली. "ती थांबणार हाय व्हय ह्यांच्या जुळ्यासाठी महिनाभर?"

हा प्रश्न खरा होता आणि खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं.

"या गाठीची वाढ बघता महिना थांबता येईल असं मला वाटतं. खात्री नाही देत. दर आठवड्याला दुर्बीण घालीन. वाढलेली दिसली तर वाट बघणं बंद, लगेच ऑपरेशन."

शालननं पदर खांद्यावरून ओढून घेतला. नवऱ्याकडे बघितलं, मग पडद्यावरच्या मेलेल्या गुलाबी शेताकडे. "दर आठवड्याला मी येणार," ती म्हणाली. "आन् ती गाठ मला पडद्यावर दाखवायची. मी बी बघितल्याबिगर मानणार न्हाई."

*

सांधे पेटले. आधी मनगटं, मग कोपरं, मग पावलांची बारीक हाडं. सकाळी हिंदुरावांना उठून बसायला शालनचा खांदा लागे. ती त्यांच्या शर्टाची बटणं लावी, घास भरवी. कपाला कान असून उपयोग नव्हता, म्हणून चहा वाटीतून पाजी. इलाही वस्तादानं घरातल्या उरलेल्या सगळ्या पिवळ्या गोळ्या गोळा करून आणून दिल्या आणि ओशाळून दारातच उभा राहिला. "चार कमी असतील," तो म्हणाला.

दर आठवड्याला ते कोल्हापूरला जात. शालन दुर्बिणीच्या पडद्याला नाक लावून बसे. दुसऱ्या खेपेपर्यंत ती डॉक्टरांना म्हणायला लागली होती, "ह्या कडेला मागल्या बारीला पांढरं नव्हतं," आणि डॉक्टर थांबून, मागचं चित्र काढून दाखवत होत्या, की होतं.

तिसऱ्या आठवड्यात एक दुपार फार वाईट गेली. हात कोपरापर्यंत सुजला होता. शालन शेजारी बसून गवारी मोडत होती.

"सांग त्या डॉक्टरला," हिंदुराव म्हणाले. आवाज जवळजवळ नव्हताच. "कापून टाका म्हणावं. एवढं सोसून आवाज राखायचा, तो कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

त्यांनी मान वळवली. शालन शेंगांकडेच बघत होती.

"तुमचं मैदान मी कधी बघितलं न्हाई. आपलं लग्न झालं तवा बायका कुठं जायच्या? पण वारा इकडचा असला की कर्णा ऐकू यायचा. भांडी घासायची थांबून ऐकायची मी. कुणाचं कोण पोर, त्याचं गाव, त्याचा वस्ताद, त्याच्या आईनं त्याला म्हशीचं दूध कसं पाजलं, सगळं किती मायेनं सांगायचा. मला वाटायचं, हा माणूस घरात एवढं का बोलत न्हाई?" तिनं एक शेंग मोडली. "आता म्हातारपणी बोलाल म्हणून वाट बघत हुते. तर हे."

हिंदुरावांनी तिच्या पुढ्यातल्या शेंगांकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "गवारीत दाण्याचं कूट घालणार काय?"

"का?"

"काय न्हाई. बोलतोय आपलं."

*

दुसऱ्या जुळ्याचा निकाल आला त्या दिवशी डॉ. शिरगुप्पे यांनी रंग सांगितला नाही. आधी पडदा लावला. "तुम्ही सांगा, काका."

गुलाबी शेत तसंच. किरण पडले तशी त्यावर काळी छाया धावून गेली. पेशी आकसल्या, काही गळाल्या. हिंदुरावांची ओंजळ जुळली, सुजलेली.

"खाली गेलाय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पाठ लागतीया का बघा… न्हाई. मान वळवली. कड घेतली त्यानं. उठतोय." कडेच्या पेशी रिकाम्या जागेकडे सरकत होत्या, दुभंगून दोनाच्या चार होत होत्या. मागून धाग्यांची जाळी आली, थोडी दाट झाली, आणि मग थांबली. "थांबली! बघा, आपणहून थांबली! कुस्ती… कुस्ती सुटली, डॉक्टर. बरोबरीत."

"पिवळा," डॉक्टर म्हणाल्या. "घसा कोरडा राहील, कायमचा. मान थोडी ताठेल. आवाज उतरेल. मोठी इजा होण्याची शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. अजूनही ऑपरेशनचा पर्याय तेवढाच योग्य आहे. निवड तुमची."

हिंदुरावांनी शालनकडे बघितलं. शालननं शर्वरीकडे.

"पिवळा पार्ट आम्ही गाडीत घालतो," शर्वरी सावकाश म्हणाली. "फक्त सर्व्हिसिंग चुकवायचं नाही. एकदाही नाही, आबा."

"किरण घेतो," हिंदुराव म्हणाले.

किरण देताना डोकं हलू नये म्हणून सहा-सात आठवडे जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसत गेला. घसा आतून सोलला, पेजेचाही घोट काट्यासारखा वाटला, आणि मग आवाज पुरताच गेला. डॉक्टरांनी तो परत येईल म्हणून सांगितलं होतं, पण त्या काळात कोणाचीच खात्री नव्हती. जुळा पेटीत जिवंत होता आणि हिंदुरावांच्या पाच वर्षं पुढे चालत होता. डॉक्टरांनी त्याला बारीक चिमट्यांत धरून रोज हलका ताण द्यायला सुरुवात केली, तेव्हा धागे कमी ताठले. ते कळल्यावर इलाही वस्ताद रोज संध्याकाळी घरी यायला लागला. तालमीतल्या पोरांकडून करून घेतो तसे मानेचे व्यायाम तो हिंदुरावांकडून करून घेई. डावीकडे, उजवीकडे, वर. "हळू, लेका. पैलवान न्हाईस तू. तुझा पैलवान तिकडं काचंत हाय."

गाठ गेली. आमवाताची आठवड्याची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली, गुरुवारी म्हणजे गुरुवारी, आणि शुक्रवारी पिवळी. आणि एका सकाळी शालन मांजराशी बोलत होती, तर मागून कोणीतरी जाड, खालच्या पट्टीतल्या, घागरीतून आल्यासारख्या आवाजात म्हणालं, "त्याला काय इचारतीस? मला इचार की."

*

पुढच्या हंगामात बिरोबाच्या माळाचं मैदान शुक्रवारी आलं. व्यासपीठावर हिंदुरावांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या होता. दर दोन-तीन वाक्यांनी ते थांबून एक घोट घेत, आणि माणसांनी भरलेली समोरची अख्खी टेकडी तेवढा वेळ श्वास धरून थांबे. जुना खणखणीतपणा गेला होता. पण या नव्या आवाजात पोरांची ओळख ऐकताना, ती घरातलंच कोणी सांगतंय असं वाटत होतं. पुढच्या रांगेत, शर्वरीच्या शेजारी, शालन बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

सलामी झाली. दोन तरुण पैलवान मातीत उतरले. हिंदुरावांनी एकाचं गाव सांगितलं, तालीम सांगितली, वस्ताद म्हणून इलाहीचं नाव घेतलं. शेजारी बसलेला इलाही फेटा सावरून ताठ झाला.

तेवढ्यात शालन उठली, माणसांतून वाट काढत व्यासपीठाशी आली आणि वर हात करून कागदाची बारीक पुडी हिंदुरावांपुढे ठेवली. शुक्रवार. त्यांनी पुडी उलगडली. आत पिवळी गोळी.

शेजारून एक राकट तळवा आपोआप पुढे आला. कित्येक वर्षांची सवय.

माईक बाजूला करायचं हिंदुरावांच्या ध्यानात राहिलं नाही. "हात मागं घ्या, वस्ताद," साऱ्या माळावर कर्ण्यातून आवाज घुमला. "ह्यो खुराक आमच्या पैलवानाचा हाय." त्यांनी गोळी जिभेवर ठेवली आणि तांब्यातून घोट घेतला.

टेकडी हसली, कशाला हसतो ते न कळताच. खाली दोन पैलवानांनी हाताला हात लावला. शालन आपल्या जागी जाऊन बसली आणि पदर सावरून मैदानाकडे बघायला लागली.